कार्य आणि गतिज ऊर्जा : एका प्रमेयाच्या अधिकारमर्यादेची चिकित्सा

१

गतिशास्त्राच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकात ‘कार्य’ या प्रकरणाच्या अखेरीस एक उदाहरण हमखास आढळते. अमुक वस्तुमानाच्या मोटारीचा वेग इतक्यापासून इतका वाढला, तर तिच्यावर किती कार्य झाले? विद्यार्थी अंतिम गतिज ऊर्जेतून आरंभीची गतिज ऊर्जा वजा करतो, उत्तर जूलमध्ये मांडतो आणि पूर्ण गुण मिळवितो. उत्तरात आकड्याची चूक नसते. तथापि त्याच विद्यार्थ्याला ‘हे कार्य कोणत्या बलाने केले?’ असे विचारले, तर तो ‘रस्त्याच्या घर्षणबलाने’ असे सांगतो. आणि ‘मग ती ऊर्जा रस्त्याकडून आली काय?’ असे विचारले, की तो निरुत्तर होतो. पेट्रोल तर मोटारीच्या टाकीतले जळालेले असते.

हे निरुत्तर होणे विद्यार्थ्याच्या आळसाचे फळ नव्हे. ज्या रूपात हे प्रमेय त्याच्यापुढे ठेवले जाते, त्या रूपातच हा घोटाळा दडलेला आहे. ‘पदार्थावर झालेले कार्य हे त्याच्या गतिज ऊर्जेतील बदलाइतके असते’ हे विधान कणाच्या बाबतीत निरपवाद सत्य आहे. मोटार, मनुष्य, लाकडाचा ठोकळा यांसारख्या अंतर्गत रचना असलेल्या पदार्थांना तेच विधान जसेच्या तसे लावले असता आकडा बहुधा बरोबर येतो, परंतु त्याचा अर्थ बदललेला असतो. गतिज ऊर्जेतील बदल हिशेबाची बेरीज सांगतो. ऊर्जा देणारा कोण, हे तो सांगत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत कशी झाली, तिचे परिणाम कोणते आणि ती टाळावयाची कशी, हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे.

२

या प्रमेयामागे जवळजवळ दीड शतकाचा वाद आहे, आणि आजच्या गल्लतीचे मूळ त्या वादातच शोधावे लागते. देकार्तने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या तत्त्वज्ञानविषयक ग्रंथात विश्वातील ‘गतीचे परिमाण’ अक्षय असल्याचे प्रतिपादन केले. हे परिमाण म्हणजे पदार्थाचा आकार आणि त्याची चाल यांचा गुणाकार. १६८६ साली लायप्निट्सने ‘आक्टा एरुदितोरुम’ या नियतकालिकात एका छोट्या निबंधाने या मतावर आघात केला. त्याचा युक्तिवाद साधा होता. एक पौंडाचा पदार्थ चार हात उंच नेण्यास जितके सामर्थ्य लागते, तितकेच चार पौंडांचा पदार्थ एक हात उंच नेण्यास लागते. हे दोन पदार्थ त्या त्या उंचीवरून खाली पडले, तर गॅलिलीओच्या नियमानुसार त्यांचे अखेरचे वेग २ : १ या प्रमाणात असतात. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार घेतला, तर एकीकडे २ आणि दुसरीकडे ४ असे विषम आकडे मिळतात. वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार घेतला, तर दोन्हीकडे ४ मिळतात. म्हणून सामर्थ्याचे खरे माप वेगाच्या वर्गावर अवलंबून असले पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. या मापाला त्याने पुढे ‘सजीव बल’ म्हटले. लवचीक पदार्थांच्या आघातात याच राशीची बेरीज कायम राहते, हे हायगेन्झने त्यापूर्वीच दाखवून दिले होते.

वादाला प्रायोगिक आधार देण्याचे श्रेय इटलीतील पोलेनी आणि हॉलंडमधील विलेम ख्राव्हेसांडे यांचे. ख्राव्हेसांडे याने १७२२ च्या सुमारास पितळी गोळे निरनिराळ्या उंचीवरून मऊ मातीत पाडले आणि उमटलेल्या खळग्यांची तुलना केली. वस्तुमान आणि उंची यांचा गुणाकार सारखा असेल, तर खळगेही सारखे पडतात, असे त्याला आढळले. हा प्रयोग एमिली द्यु शातले हिने केला असे लोकप्रिय लेखनात पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. तिचे कर्तृत्व वेगळे आणि अधिक मोलाचे आहे. १७४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भौतिकीवरील ग्रंथात तिने न्यूटनचे गतिशास्त्र आणि लायप्निट्सचे सजीव बल यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला, आणि सजीव बलाच्या विरोधकांशी वाद घालताना या प्रयोगांचा तात्त्विक अर्थ स्पष्ट केला.

मातीच्या या प्रयोगाबद्दल एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तो प्रयोग यशस्वी होतो, कारण पितळी गोळा जवळजवळ दृढ आहे. विरूप होते ती माती; गोळा होत नाही. मातीच्या प्रतिबलाचा स्पर्शबिंदू जेवढा सरकतो, तेवढाच गोळ्याचा मध्यही सरकतो. त्यामुळे गोळ्याच्या गतिज ऊर्जेतील घट आणि मातीने गोळ्यावर केलेले ऋण कार्य यांत भेद उरत नाही. उलट मातीचा गोळा पितळेच्या पाटावर टाकला असता, तर चित्र पालटले असते. पाट जागचा हलत नाही. म्हणून तो गोळ्यावर काहीही कार्य करीत नाही, आणि तरीही गोळ्याची गतिज ऊर्जा शून्य होते. अठराव्या शतकातील प्रयोगकर्त्यांनी अनुकूल उदाहरण निवडले होते. पुढील पाठ्यपुस्तकांनी ते अनुकूल होते ही गोष्टच विस्मृतीत टाकली.

दालाँबेरने १७४३ च्या आपल्या गतिशास्त्रविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत हा सारा वाद शाब्दिक ठरविला. हा निवाडा आजही पुष्कळदा अंतिम म्हणून उद्धृत केला जातो; परंतु तो अर्धाच ग्राह्य आहे. बलाचे संकलन काळावर केले तर संवेगातील बदल मिळतो, अंतरावर केले तर गतिज ऊर्जेतील बदल मिळतो. दोन्ही मापे आपापल्या जागी खरी आहेत. एवढ्यापुरता वाद शाब्दिक होता हे मान्य करावे लागेल. परंतु मऊ पदार्थांच्या आघातात नाहीसे होणारे सजीव बल जाते कोठे, हा प्रश्न शब्दांचा नव्हता. लायप्निट्सने आपल्या अखेरच्या दिवसांत क्लार्कशी झालेल्या पत्रव्यवहारात त्याचे उत्तर सुचविले होते : ते नष्ट होत नाही, पदार्थाच्या सूक्ष्म भागांत विखुरते, मोठे नाणे मोडून सुटे पैसे घ्यावेत, तसे. या एका कल्पनेत पुढील शतकातील उष्मागतिकीचे बीज आहे, आणि प्रस्तुत प्रमेयाची मर्यादाही तिच्यातच सूचित झालेली आहे. गतिज ऊर्जेचा पाठ्यपुस्तकी हिशेब फक्त बंदे रुपये मोजतो. सुटे पैसे त्याच्या वहीत येत नाहीत.

३

‘कार्य’ ही संज्ञा मात्र तत्त्वज्ञांच्या वादातून आलेली नाही. ती यंत्रशाळेतून आली. १८२९ साली कोरिऑलिसने यंत्रांच्या परिणामाची गणना या विषयावरील ग्रंथात बल आणि त्याच्या दिशेतील विस्थापन यांच्या गुणाकाराला हे नाव दिले, आणि सजीव बलाच्या व्याख्येत १/२ हा गुणक आणला. त्याच सुमारास पाँस्लेनेही औद्योगिक यांत्रिकीवरील आपल्या ग्रंथात हीच संज्ञा स्वीकारली. १/२ या गुणकामुळे कार्य आणि वेगवर्गाशी संबद्ध राशी या संख्येने समान झाल्या. ‘ऊर्जा’ हा शब्द या संदर्भात टॉमस यंगने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत वापरला होता. ‘गतिज ऊर्जा’ हे संयुक्त नाव १८६० नंतरच्या दशकात टॉमसन आणि टेट यांच्या लेखनातून रूढ झाले.

यंत्रशाळेतील उगमाचे महत्त्व असे की, तेथे दाता आणि ग्राहक आरंभापासूनच वेगळे असतात. घोडा, पाण्याचा प्रवाह किंवा वाफ देते. पंप किंवा चक्की घेते. कार्य म्हणजे या दोहोंमधील देवघेव. त्या व्यवहारात ‘कोणी दिले?’ हा प्रश्न विचारावाच लागत नाही, कारण उत्तर डोळ्यांपुढे असते. ही संज्ञा नंतर कणाच्या गतिशास्त्रात आणली गेली. कणाला अंतर्भाग नाही. त्याच्या ठायी सुट्या पैशांची पिशवीच नाही. म्हणून तेथे दिलेले सर्व काही गतिज ऊर्जेच्या रूपानेच दिसते आणि प्रमेय निरपवाद ठरते. दोष निर्माण झाला तो तिसऱ्या पायरीवर, म्हणजे कणासाठी सिद्ध केलेले प्रमेय कोणतीही टीप न जोडता पुन्हा यंत्रांना, मनुष्यांना आणि ठोकळ्यांना लावले गेले तेव्हा.

सिद्धतेकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे एकूण बल = वस्तुमान × त्वरण. दोन्ही बाजूंना कणाच्या सूक्ष्म विस्थापनाने गुणून मार्गावर संकलन केले की डावीकडे कार्य आणि उजवीकडे १/२ × वस्तुमान × वेगवर्ग या राशीतील बदल मिळतो. विस्तृत पदार्थासाठी हीच कृती करावयाची तर त्वरण कोणाचे घ्यावयाचे? न्यूटनचा नियम वस्तुमानमध्याच्या त्वरणाविषयी बोलतो. म्हणून गुणावे लागते तेही वस्तुमानमध्याच्या विस्थापनाने. जे समीकरण मिळते ते असे : एकूण बाह्य बल × वस्तुमानमध्याचे विस्थापन = वस्तुमानमध्याच्या गतीशी संबद्ध गतिज ऊर्जेतील बदल. हे समीकरण सर्वस्वी सत्य आहे. परंतु डावीकडील राशी म्हणजे कार्य नव्हे. कार्यासाठी बल ज्या बिंदूवर लागले आहे त्या बिंदूचे विस्थापन हवे, वस्तुमानमध्याचे नव्हे. मुळात हे समीकरण संवेगनियमाचेच अंतरावरील रूपांतर आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेविषयी ते काहीही सांगत नाही.

शेरवुड याने १९८३ साली या राशीसाठी स्वतंत्र नाव वापरून तिला खऱ्या कार्यापासून वेगळे केले. त्याचे शब्दशः भाषांतर ‘छद्मकार्य’ असे होईल. भेद अत्यंत आवश्यक आहे. नाव मात्र तितकेसे न्याय्य वाटत नाही. ही राशी खोटी नाही. तिच्या सत्यतेचे क्षेत्र वेगळे आहे एवढेच. ‘आभासी कार्य’ ही संज्ञा तर समतोलाच्या वेगळ्या तत्त्वासाठी योजली जाते. म्हणून पुढील विवेचनात या राशीला ‘मध्यकार्य’ असे म्हटले आहे, आणि स्पर्शबिंदूच्या विस्थापनाने मोजलेल्या राशीला केवळ ‘कार्य’.

४

आता मोटारीचे उदाहरण तपासता येईल. १००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार सरळ सपाट रस्त्यावर १० सेकंदांत सेकंदाला १० मीटर या वेगापासून २० मीटर या वेगापर्यंत एकसमान त्वरणाने जाते. हवेचा रोध आणि चाकांची भ्रमणऊर्जा वगळावी. त्वरण सेकंदवर्गाला १ मीटर, रस्त्याचे पुढे ढकलणारे बल १००० न्यूटन, आणि कापलेले अंतर १५० मीटर. गतिज ऊर्जा ५०,००० जूलवरून २,००,००० जूलवर जाते. वाढ १,५०,००० जूल. मध्यकार्यही १००० × १५० = १,५०,००० जूल. हिशेब जुळला.

परंतु न घसरता फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. रस्त्याचे बल ज्या बिंदूवर लागते तो बिंदू सरकतच नाही. म्हणून रस्त्याने मोटारीवर केलेले कार्य शून्य आहे. १,५०,००० जूल इंधनातून, एंजिनाच्या अंतर्गत व्यापारातून आले. रस्त्याच्या बलाने मोटारीला संवेग दिला, ऊर्जा दिली नाही. रस्ता नसता तर मोटार पुढे गेली नसती, हे खरे. तथापि आवश्यक असणे वेगळे आणि दाता असणे वेगळे.

हीच घटना सेकंदाला १० मीटर वेगाने त्याच दिशेने जाणाऱ्या आगगाडीतून पाहिली, तर प्रमेयाची मर्यादा अधिक ठळक होते. त्या निरीक्षकाला मोटार ० पासून १० मीटर वेगापर्यंत जाताना दिसते. तिची गतिज ऊर्जा केवळ ५०,००० जूलने वाढते. अंतर ५० मीटर दिसते, म्हणून मध्यकार्य १००० × ५० = ५०,००० जूल; येथेही हिशेब जुळतो. पण इंधन दोन्ही निरीक्षकांसाठी तेवढेच जळाले आहे. मग उरलेले १,००,००० जूल कोठे गेले?

मध्यकार्याच्या समीकरणाजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही. कार्याच्या हिशेबात ते आहे. आगगाडीतील निरीक्षकाला रस्ता सेकंदाला १० मीटर वेगाने मागे जाताना दिसतो. १० सेकंदांत १०० मीटर. रस्त्याचे १००० न्यूटन बल पुढच्या दिशेने आहे आणि स्पर्शबिंदू मागे जात आहे. म्हणून रस्त्याने मोटारीवर केलेले कार्य ऋण, म्हणजे उणे १,००,००० जूल. एंजिनाने दिलेल्या १,५०,००० जूलमधून ते वजा केले की ५०,००० जूल उरतात. मोटारीने रस्त्याला, अर्थात पृथ्वीला, तेच १,००,००० जूल दिले. पृथ्वीचा वेग या धक्क्याने बदलतो तो कल्पनातीत अल्प. परंतु या चौकटीत ती आधीच गतिमान असल्यामुळे तिची गतिज ऊर्जा नगण्य प्रमाणात बदलत नाही. तिला मिळालेला संवेग १००० × १० = १०,००० एकक; त्याला १० मीटरच्या वेगाने गुणले की बरोबर १,००,००० जूल येतात.

या उदाहरणातून दोन गोष्टी सिद्ध होतात. गतिज ऊर्जेतील बदल चौकटीप्रमाणे बदलतो. म्हणून ‘मोटारीवर किती कार्य झाले?’ या प्रश्नाला चौकट सांगितल्याखेरीज एकच उत्तर नाही. याउलट एंजिनाने केलेला खर्च दोन्ही चौकटींत तोच राहतो. विद्यार्थ्याला ज्याविषयी कुतूहल असते, म्हणजे ‘किती ऊर्जा खर्ची पडली?’, त्याचे उत्तर या दुसऱ्या राशीत आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरण जमिनीची चौकट निवडते, तेथे दोन्ही आकडे योगायोगाने एक होतात, आणि त्या योगायोगालाच नियमाची प्रतिष्ठा मिळते.

५

उडी मारणाऱ्या मनुष्याची स्थिती मोटारीसारखीच आहे. जमीन त्याच्या तळव्यांवर वजनापेक्षा अधिक बल लावते म्हणून तो वर जातो; परंतु पाय टेकलेले असेपर्यंत तळवे स्थिर असतात आणि सुटल्यावर बल उरत नाही. जमिनीचे कार्य आरंभापासून अखेरपर्यंत शून्य. ऊर्जा स्नायूंची. न घसरता उतारावरून घरंगळणाऱ्या चकतीतही स्पर्शबिंदूवरील घर्षण कार्य करीत नाही. ते पुढे सरकण्याच्या ऊर्जेतून काही भाग काढून भ्रमणाच्या ऊर्जेत टाकते, इतकेच.

घसरणाऱ्या ठोकळ्याचे उदाहरण मात्र निराळे आणि अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे चूक आकड्यापर्यंत पोहोचते. २ किलोग्रॅमचा ठोकळा सेकंदाला ६ मीटर वेगाने सपाट जमिनीवर सोडला. ४ न्यूटन घर्षणामुळे तो ९ मीटरवर थांबला. गतिज ऊर्जेतील बदल उणे ३६ जूल. मध्यकार्यही ४ × ९, म्हणजे उणे ३६ जूल. बहुतेक पुस्तके येथेच थांबतात आणि ‘घर्षणाने ठोकळ्यावर उणे ३६ जूल कार्य केले’ असे लिहितात.

आता उष्मागतिकीचा पहिला नियम लावावा. ठोकळ्याच्या एकूण ऊर्जेतील बदल = त्याच्यावर झालेले कार्य + त्याला मिळालेली उष्णता. घसरण्याच्या अल्प काळात उष्णतेचे वहन नगण्य मानले, तर एकूण बदल उणे ३६ जूल. गतिज ऊर्जेतील बदलही उणे ३६ जूल. म्हणजे अंतर्गत ऊर्जेसाठी शून्य उरते. परंतु घासलेला ठोकळा तापतो, हे हाताला कळते. हा विरोध टाळण्याचा मार्ग एकच : घर्षणाने ठोकळ्यावर केलेले कार्य उणे ३६ जूल नव्हे. ठोकळा आणि जमीन एकाच द्रव्याची असून दोन्ही पृष्ठभागांची सममिती गृहीत धरली, तर ३६ पैकी १८ जूल ठोकळ्यात आणि १८ जमिनीत जातील. तेव्हा घर्षणाचे ठोकळ्यावरील कार्य उणे १८ जूल असले पाहिजे. शेरवुड आणि बर्नार्ड यांनी १९८४ साली याचे सूक्ष्म पातळीवरील कारण मांडले. दोन्ही पृष्ठभागांवरील लहान उंचवटे एकमेकांत अडकतात, वाकतात आणि सुटतात. प्रत्यक्ष स्पर्श होतो तो या उंचवट्यांच्या टोकांशी, आणि ती टोके ठोकळ्याइतकी पुढे सरकत नाहीत. सममित स्थितीत ती सरासरीने निम्मेच अंतर, म्हणजे ४.५ मीटर, सरकतात. ४ × ४.५ = १८.

गतिशास्त्राच्या तासाला शिकविलेले विधान उष्मागतिकीच्या तासाला खोटे ठरावे, ही शिक्षणक्रमाच्या दृष्टीने गंभीर गोष्ट आहे. पदव्युत्तर विद्यार्थी या दोन वर्गांत दोन वेगवेगळे ‘कार्य’ बाळगतो आणि ती एकमेकांशी भिडू देत नाही. याच्या तुलनेत जूलची शिस्त पाहण्यासारखी आहे. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पडत्या वजनांनी फिरविलेल्या पात्यांनी पाणी घुसळून उष्णतेचे यांत्रिक मूल्य काढताना, जमिनीवर टेकण्याच्या क्षणी वजनांच्या अंगी उरलेल्या वेगाची वजावटही त्याने केली. ऊर्जा किती सुटली, त्यातली पाण्यात किती गेली आणि वजनांतच किती राहिली, हे तीन प्रश्न त्याने कधीही एक होऊ दिले नाहीत.

६

या चिकित्सेवर एक आक्षेप संभवतो. आक्षेपक म्हणेल : सर्व बलांचे, बाह्य आणि अंतर्गत दोन्ही, कार्य मोजले तर ‘एकूण कार्य = एकूण गतिज ऊर्जेतील बदल’ हे विधान कणसमूहालाही तंतोतंत लागू पडते; मग दोष प्रमेयाचा कसा? आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे, आणि प्रमेय असत्य आहे असे येथे म्हटलेलेही नाही. परंतु अंतर्गत बलांचे कार्य मोजावयाचे तर पदार्थाच्या प्रत्येक कणाची गती ज्ञात हवी. ती कोणत्याही प्राथमिक उदाहरणात दिलेली नसते. दिलेला असतो तो मोटारीचा किंवा ठोकळ्याचा वेग, म्हणजे वस्तुमानमध्याचा वेग. त्यावरून काढलेली राशी मध्यकार्यच होय. तिला मध्यकार्य म्हणून शिकविले, तर आक्षेपाला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे : इतका सूक्ष्म भेद आरंभीच्या विद्यार्थ्याला पेलणार नाही. वस्तुस्थिती याच्या उलट दिसते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात लॉसन आणि मॅक्डरमॉट यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांपुढे भिन्न वस्तुमानांच्या, जवळजवळ घर्षणरहित सरकणाऱ्या दोन चकत्या ठेवल्या होत्या. दोहोंवर सारखेच बल सारख्याच अंतरापर्यंत लावले, तर त्यांच्या गतिज ऊर्जांची आणि संवेगांची तुलना करा, असा प्रश्न होता. सूत्रे शिकलेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना ती या साध्या घटनेला लावता आली नाहीत. हिशेबासाठी १ आणि ४ किलोग्रॅमच्या चकत्या, २ न्यूटन बल आणि १ मीटर अंतर घेतले, तर दोहोंची गतिज ऊर्जा २ जूल. वेग मात्र २ आणि १, आणि संवेग २ आणि ४. लायप्निट्सने १६८६ साली पौंड आणि हात यांत मांडलेले प्रमाण ते हेच. येथे चकत्या दृढ आहेत आणि मध्यकार्य व कार्य यांत भेदही नाही. तरीही विद्यार्थी अडखळतात. याचा अर्थ, सोपे करून सांगितलेले प्रमेयही सोपे झालेले नाही. अर्थ वगळून सुटसुटीतपणा साधला, तर सूत्र पाठ होते; घटना समजत नाही.

७

मराठीतून हा विषय शिकविताना या गल्लतीला भाषेचेही साहाय्य मिळते. ‘कार्य’ हा शब्द मराठीत रिकाम्या हाताने आलेला नाही. घरात लग्नकार्य असते. दर्शनांत कार्यकारणभाव असतो. पहिल्या अर्थात कार्याला यजमान लागतो, दुसऱ्यात कारण लागते. भौतिकीतील कार्य मात्र ना उद्योग आहे, ना परिणाम. ते देवघेवीचे माप आहे. डोक्यावर ओझे घेऊन तासभर स्थिर उभ्या असलेल्या हमालाने काही ‘कार्य’ केले नाही, हे विधान मराठी कानाला अन्यायाचे वाटते ते याच कारणाने.

त्याहून सूक्ष्म अडचण विभक्तीची आहे. ‘बलाने केलेले कार्य’ या शब्दप्रयोगातील तृतीया कर्त्याची की करणाची? संस्कृत व्याकरणपरंपरेत पाणिनीपासून तृतीया या दोन्ही अर्थी सांगितली आहे, आणि मराठीतही ‘रामाने सुरीने फळ कापले’ या एकाच वाक्यात ती दोन्ही अर्थांनी येते. विद्यार्थी ‘घर्षणबलाने कार्य केले’ हे वाक्य ऐकतो आणि घर्षणबलाला रामाच्या जागी बसवितो. वस्तुतः बहुतेक प्रसंगी त्याचे स्थान सुरीचे असते. आणि मोटारीच्या उदाहरणात तर सुरीचेही नसते, फळाखाली ठेवलेल्या पाटाचे असते. पाटावाचून कापणे अवघड, पण कापतो तो पाट नव्हे. मराठी अध्यापकाला ही अडचण एक संधीही ठरू शकते, कारण कर्ता, करण आणि अधिकरण यांतील भेद त्याचा विद्यार्थी शाळेतच शिकून आलेला असतो. ‘बलाने केलेले’ याऐवजी ‘बलाद्वारे पोहोचलेले’ अशी रचना योजली, तर दात्याचा प्रश्न आपोआप खुला राहतो.

८

गतिज ऊर्जेतील बदलावरून कार्य काढण्याची रीत त्याज्य ठरवावी, असा या विवेचनाचा अभिप्राय नाही. कण, दृढ गोळा, प्रक्षेप्य, विद्युत्क्षेत्रातील इलेक्ट्रॉन या सर्व ठिकाणी ती रीत निर्दोष आहे आणि तिच्याइतकी सुलभ रीत दुसरी नाही. बलाचा तपशील अज्ञात असतानाही केवळ दोन वेगांवरून एकूण परिणाम सांगता यावा, हे तिचे सामर्थ्य थोडेथोडके नव्हे. प्रश्न तिच्या अधिकारक्षेत्राचा आहे.

ते क्षेत्र राखण्यासाठी वजाबाकी करण्यापूर्वी तीन प्रश्न पुरेसे होतील. विचारात घेतलेली प्रणाली कोणती : एकटी मोटार, की मोटार आणि पृथ्वी? बल ज्या बिंदूवर लागते तो बिंदू किती सरकला. वस्तुमानमध्याइतकाच, की कमी, की मुळीच नाही? आणि वेग कोणत्या चौकटीत मोजले आहेत? तिन्ही प्रश्नांची उत्तरे लिहून मग विद्यार्थ्याने ‘१,५०,००० जूल’ हा आकडा मांडला, तर त्याला तो कशाचा आकडा आहे हेही सांगता येईल. परीक्षकानेही प्रश्नात ‘किती कार्य झाले?’ एवढेच न विचारता ‘ही ऊर्जा कोठून आली?’ असे आणखी एक वाक्य जोडावे. त्या वाक्याला गुण ठेवले, तर पाठ्यपुस्तकांना आपले प्रकरण फिरून लिहावे लागेल. आणि गतिशास्त्र व उष्मागतिकी या दोन वर्गांत एकच ‘कार्य’ शिकविले जाईल.